पीथमपूरची पाळी, राऊची खोली आणि नगरपालिकांची भिशी

सकाळी पावणेसहाला इंदूरच्या राजेंद्र नगरच्या पुलापाशी उभं राहा, पीथमपूरच्या, म्हणजे शेजारच्या धार जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या गावाच्या, बसेस एकामागून एक येताना दिसतील. पांढऱ्या बसेस, पुढच्या काचेवर आतून चिकटवलेला कागद, त्यावर कंपनीचं नाव आणि खाली मार्करनं 'फर्स्ट शिफ्ट'. एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मी बावीस वर्षं काढली आणि तेवढी वर्षं अशाच बसनं गेलो-आलो, त्यामुळे कुठल्या खड्ड्याला मागच्या सीटवरचा माणूस किती उडतो तेही मला पाठ आहे. बसमध्ये एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच लक्षात येते आणि मग तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. बसलेले सगळे कंपनीच्या रोलवरचे. स्टाफ, सुपरवायझर, क्वालिटीवाले, फार तर जुने परमनंट वर्कर. ठेकेदाराचा माणूस या बसमध्ये नसतो. तो तिकडेच राहतो, पीथमपूरला, सागौरला, कारखान्यांच्या आधीपासून जी गावं तिथे होती त्यांच्या पोटात.

एकदा पीएफच्या फॉर्मवर सही घ्यायला मी अशाच एका पोराच्या खोलीवर गेलो होतो. पोरगा रीव्याकडचा, बोटाला लागलं म्हणून घरी बसला होता. घरी म्हणजे काय, तर एका शेतकऱ्यानं वाड्यामागे ओळीनं बारा खोल्या काढलेल्या, वर पत्रा, समोर नाली, टोकाला दोन संडास. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण. पण पाच जण एका वेळी कधीच नसतात, कारण दोघं नाइटला असतात, नाइटवाला परत येतो तेव्हा फर्स्टवाला उठून गेलेला असतो, गादी तीच, तिला गार व्हायला वेळच मिळत नाही. भिंतीवर मालकानं कोळशानं लिहिलेलं, 'पानी 7 से 7.30, मोटर को हाथ लगाया तो खोली खाली'. सबमीटर वेगळा, युनिटचा रेट मालकाच्या मर्जीचा. मी म्हटलं अरे इंदूरहून का नाही येत बसनं, तर हसला, म्हणाला साहेब तिकडे खोलीच्या डिपॉझिटलाच दोन महिन्यांचा पगार जाईल, आणि बसमध्ये आम्हाला बसू कोण देतंय.

आता हा पोरगा कोणाचा? मी हे हळहळून विचारत नाहीये, अकाउंट्सचा माणूस आहे, मला कुठल्या लेजरमध्ये टाकायचं ते सांगा. इंदूर नगर निगमच्या, म्हणजे महानगरपालिकेच्या, लेजरमध्ये तो नाही, कारण तो धार जिल्ह्यात झोपतो. पीथमपूर नगरपालिकेच्या लेजरमध्ये तो मतदार नाही, मालमत्ता करही भरत नाही, तिथे तो म्हणजे फक्त नालीत वाढलेलं पाणी. 2011 च्या जनगणनेत पीथमपूर सव्वा लाखाचं गाव होतं आणि पुढची जनगणना 2027 ची, म्हणजे मधली सोळा वर्षं त्याला कोणी मोजलेलंच नाही. आणि त्यानं प्रेसवर काढलेल्या पार्टचा पैसा? मॅनेजर इंदूरचे, कितीतरी मालक इंदूरचे, त्यांचे फ्लॅट निपानियाला नाहीतर विजय नगरला, खरेदी मॉलमध्ये, पोरांच्या शाळा बायपासवर, प्रॉपर्टी टॅक्स निगमला. पैसा जमतो एका नगरपालिकेत आणि ज्याच्या जोरावर जमतो तो माणूस झोपतो दुसऱ्या नगरपालिकेत. इंदूरला लागून असलेलं राऊ सोडलं, आयआयएमची टेकडी मागे पडली की थोड्या वेळात जिल्हा बदलतो, बसमध्ये डुलक्या काढणाऱ्याला पत्ताही लागत नाही, पण घरांच्या पैशाला बरोबर पत्ता लागतो, तो तिथेच थांबतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की इंदूर, राऊ, महू, पीथमपूर, देवास आणि मधल्या पंचायती यांनी स्वस्त घरांसाठी मिळून एक गल्ला करावा. ऐपतीप्रमाणे प्रत्येकानं टाकायचं, मिळून ठरवायचं, आणि घर तिथे बांधायचं जिथे काम आहे आणि बस आहे, मग ती जमीन कोणाच्या का हद्दीत येईना.

भिशीच ती. माझ्या आईची भिशी होती, बारा बायका, महिन्याला शंभर-शंभर रुपये, चिठ्ठी निघेल तिला गठ्ठा. पण कोणाच्या घरी लग्न निघालं, कोणाचं ऑपरेशन निघालं, तर चिठ्ठी न काढता सगळ्यांच्या संमतीनं तिला आधी देत. माझ्या शंभरात तुझा मिक्सर आला असं कधी कोणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही, कारण उद्या आपली पाळी आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं. आणि वही एकीकडे नसायची, दोघींकडे असायची, हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम पडणार आहे.

पहिली कुरकुर कुठून येणार तेही मला ठाऊक आहे, आमच्या सकाळच्या पोहे-जलेबीच्या कट्ट्यावरच आली. माझा टॅक्स, आणि त्यातून राऊला घर? पीथमपूरला? का भिया?

तर का ते सांगतो. तुम्ही सकाळी ज्या पाण्यानं तोंड धुतलंत ते खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून आलंय, 70 किलोमीटरवरून, पंपांनी डोंगर चढून. ज्यांची वयं आता साठ-सत्तरीच्या पुढे गेलीत त्यांना 1970 चं नर्मदा आंदोलन आठवत असेल, सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं, तेव्हा कुठे 1978 मध्ये नर्मदा इंदुरात आली. ती काय निगमच्या हद्दीत वाहते? बरं, पाणी जुनं झालं. 2023 च्या फेब्रुवारीत निगमनं ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले, सामान्य माणसालाही घेता येतील असे, 244 कोटींचे, आणि लोकांनी रांगा लावून पैसे दिले. कशासाठी? त्याच जलूदला 60 मेगावॉटचा सोलर प्लांट टाकायला, म्हणजे पाणी चढवायचं विजेचं बिल कमी होईल. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात निगमनं पैसा लावला, लोकांकडून उचलून लावला, तेव्हा कोणी म्हटलं नाही की खरगोनला का. कारण फायदा नळाला दिसत होता. पीथमपूरच्या खोलीचा फायदा नळाला दिसत नाही एवढाच फरक आहे, पण तिथला पोरगा त्या गरम गादीवरून उठून कामावर गेला नाही तर संध्याकाळी विजय नगरच्या शोरूममध्ये काय होईल ते बघा.

आणि हे काही इंदूरला नवीन नाही. आपल्याच गावात, देवास नाक्याच्या बाजूला, स्कीम 78 मध्ये अरण्य नावाची वसाहत आहे. बाहेरून आर्किटेक्चरची पोरं कॅमेरे घेऊन येतात आणि आपण तिथे गाडीचं सर्व्हिसिंग करायला जातो. ऐंशीच्या दशकात आयडीएनं, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणानं, ती वसाहत केली, वर्ल्ड बँकेचा पैसा होता, आखणी आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची, जे जन्मानं पुण्याचे, कर्मानं अहमदाबादचे, 2018 मध्ये त्यांना आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक प्रिट्झकर मिळालं. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, पाच-सहा डझन एकरांचा खेळ नव्हे, 85 हेक्टरच्या वर जमीन. सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. गरिबाला तयार घर दिलंच नाही. जोतं दिलं, संडास-मोरी दिली, नळ आणि वीज दिली, आणि म्हटलं आता तुझ्या ऐपतीनं चढव. ऐंशी घरं नमुन्याला बांधून दाखवली, बाहेरून जिना, समोर ओटा. लोकांनी बघितलं आणि आपापलं केलं, कोणी पुढे दुकान काढलं, कोणी वर खोली काढून किरायानं दिली. 1995 मध्ये वसाहतीला आर्किटेक्चरचा आगा खान पुरस्कार मिळाला.

ओट्याचं कौतुक सगळे करतात, मला त्यातला हिशोब आवडतो. मोठे प्लॉट आणि दुकानांचे प्लॉट बाजारभावानं विकले आणि त्या नफ्यातून लहान प्लॉट स्वस्त केले. हायवेकडचा प्लॉट आतल्या प्लॉटचं ओझं उचलतो. एकाच लेआउटमध्ये श्रीमंत कोपरा आणि गरीब कोपरा एका वहीत लिहिला म्हणून ते जमलं. आज काय झालंय, श्रीमंत कोपरा सुपर कॉरिडॉरला आणि गरीब कोपरा सागौरला, दोन जिल्ह्यांत, दोन वह्यांत. मग कोण कोणाचं ओझं उचलणार? वही एक करा म्हणतोय मी, बाकी युक्ती दोशींच्या वेळचीच आहे.

आता घरं बांधतच नाहीत असं नाही, बांधतात. प्रधानमंत्री आवास योजना 2015 पासून आहे, 2024 च्या सप्टेंबरपासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात केंद्र आणि राज्य मिळून एका घराला अडीच लाखांच्या आसपास देतात, तीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेलं कुटुंब ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, धरतात. कनाडियाकडे केंद्राच्या लाइट हाउस प्रकल्पातली 1024 घरं झाली, 1 जानेवारी 2021 ला पंतप्रधानांनी देशातल्या इतर पाच शहरांबरोबर त्यांची पायाभरणी केली होती, तयार सँडविच पॅनल आणून भिंती उभ्या करायच्या, एकदम मॉडर्न. चांगलंच आहे. पण घर बांधायची टेक्निक हा आपला प्रॉब्लेम कधीच नव्हता हो, आपला मिस्त्री विटांनी सुद्धा बांधतो. प्रॉब्लेम हा आहे की घर कुठे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बऱ्हाणपूरकडच्या, पंचवीस वर्षं इंदूरला. आधी आमच्यापासून चालत दहा मिनिटांवरच्या बस्तीत राहायच्या. बस्ती रस्त्यात आली, तुटली, त्यांना फ्लॅट मिळाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. फ्लॅट बघायला आम्ही दोघं गेलो होतो, पेढे घेऊन. खरंच चांगला होता, टाइल्स, किचनचा ओटा, स्वतःचा संडास, खिडकीतून शेत दिसतं. मावशींनी चहा केला आणि म्हणाल्या, घर छान आहे काका, पण घर इथं आणि पोट तिथं. तिथून आमच्याकडे यायला आधी मॅजिक, मग सिटी बस, मग चालत, जायला-यायला तीन तास. सहा घरांची कामं होती, चार सुटली. लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार यावरून बिल्डिंगमध्ये भांडणं वेगळीच. दीड वर्षात त्यांनी फ्लॅटला कुलूप घातलं आणि परत इकडे एक खोली किरायानं घेतली, आता हप्ताही भरतात आणि किरायाही भरतात. सरकारच्या कागदावर मात्र त्या 'लाभार्थी', एक घर पूर्ण.

जमीन तिथे स्वस्त होती म्हणून घर तिथे झालं. एकट्या संस्थेनं बांधायचं म्हटलं की असंच होतं, आपल्या हद्दीत जिथे स्वस्त तुकडा पडलाय तिथे बांधतात, कामाच्या जागेशी त्याचा काही संबंध नसतो. मावशी आणि तो रीव्याचा पोरगा, दोघांचं दुखणं एकच आहे, एकाला कामाजवळ धड घर नाही आणि एकीला घराजवळ काम नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो, सिएटलच्या पलीकडे बेलव्ह्यूला, आपल्याकडच्या प्रत्येक तिसऱ्या घरातला एक तिकडे आहेच. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तिथली गंमत कळली. रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव, जमिनी सोन्याच्या झालेल्या, शाळेतल्या मास्तरणीला आणि बस ड्रायव्हरला गावात राहणं परवडेना. मग 1992 मध्ये बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड आणि किंग काउंटी यांनी आपसात करार करून एक सामाईक संस्था काढली, आर्च म्हणतात तिला, नंतर आजूबाजूची लहान गावंही आली. प्रत्येक गाव आपापल्या बजेटमधून पैसे टाकतं, कोणी पैशाऐवजी जमीन देतं, कोणी फी माफ करतं. घरं बांधणारे अर्ज करतात, नागरिकांची एक समिती ते तपासते, मग सगळ्या गावांचं मंडळ, आणि शेवटी गावागावाच्या कौन्सिलची मंजुरी. म्हणजे कर्कलंडचा पैसा रेडमंडच्या घराला लागतो आणि कर्कलंडवाले हात वर करून हो म्हणतात. लहान गावांना वेगळा स्टाफ ठेवायला लागत नाही, घरांचं समजणारी चार माणसं सगळ्यांना मिळून पुरतात. आपल्या राऊ नगरपरिषदेत घरांचं प्लॅनिंग करायला किती माणसं असतील? जो सब-इंजिनियर नाल्या बघतो तोच घरं बघणार.

तिकडे सगळं गोडच आहे असं मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आजूबाजूच्या नऊ काउंट्यांनी मिळून घरांसाठी 20 अब्ज डॉलरचे रोखे काढायचं ठरवलं होतं, 2019 मध्ये त्यासाठी खास संस्था काढायचा कायदा झाला, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये मतदानाच्या आधीच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. मोठा घास घेतला की असं होतं. मला मिनेसोटावाल्यांचं जास्त पटतं. मिनिआपोलिस आणि सेंट पॉलच्या परिसरात 1971 मध्ये कायदा झाला, की दुकानं-कारखान्यांच्या मालमत्तेच्या मूल्यात इथून पुढे जी वाढ होईल तिच्यातला 40 टक्के भाग सामाईक, त्यावरचा कर सगळ्या गावांत वाटायचा, ज्याच्याकडे कमी त्याला जास्त. जुन्याला हात नाही, फक्त वाढीतलं. यात शहाणपण आहे, कारण माणूस खिशातलं काढून देताना रडतो, पण जे अजून खिशात आलंच नाही त्यातलं द्यायला एवढा त्रास होत नाही.

अमेरिका सोडा, आपल्याकडे झालंय हे, घरांसाठी नाही पण पाण्यासाठी. तामिळनाडूत 2002-03 च्या सुमारास 13 लहान नगरपालिका-पंचायतींनी मिळून तीस कोटींच्या आसपास रोखे काढले, एकेकटीला बाजारानं दारात उभं केलं नसतं. कर्नाटकात 2005 मध्ये बंगळुरूच्या कडेच्या आठ संस्थांनी 100 कोटी उभे केले. केंद्रानं त्यासाठी 2006 मध्ये पूल्ड फायनान्सची, म्हणजे मिळून कर्ज उभारायची, योजनाही काढली होती. मग पाण्याला जमतं ते घराला का जमू नये? पाण्याचं बिल वसूल होतं, घराचं काय, हा प्रश्न बरोबर आहे, त्याला माझं उत्तर किरायाची घरं. सगळ्यांना मालकीचं घर द्यायचा हट्ट कशाला? ठेक्यावरच्या पोराला मालकी नकोय, त्याला सहा महिने, दोन वर्षं राहायला धड खोली हवीय, पाणी साडेसात नंतरही येणारी. तो आत्ता महिन्याला पैसे देतोच ना त्या पत्र्याच्या खोलीला. तो किराया गल्ल्यात येऊ दे, त्याच्यावर कर्ज फेडता येतं.

जरा आकडा मांडून बघा, हा माझा समजा आहे, कोणाच्या रिपोर्टातला नाही. समजा सगळ्यांनी मिळून वर्षाला 50 कोटी टाकले. केंद्र-राज्याचे मिळून अडीच लाख आहेतच, गल्ल्यानं एका घरामागे दोन लाखांची भर घातली तर वर्षाला अडीच हजार घरांची तूट भरून निघते. फार नाही. पण शून्यापेक्षा अडीच हजार बरे, आणि मुख्य म्हणजे ती योग्य जागी असतील.

पैसा कुठून? नवा टॅक्स नकोच, लोक मारतील. आपल्याकडे आश्रय शुल्क नावाची एक गोष्ट आहे जिच्याबद्दल कॉलनाइजर सोडून फारसं कोणी बोलत नाही. कॉलनी कापताना गरिबांसाठी वाटा सोडायचा, नाहीतर त्याऐवजी हे शुल्क भरायचं. बायपासला तीन कोटींचे बंगले विकणारा माणूस आपल्या गेटच्या आत गरिबाचा प्लॉट कशाला ठेवेल, तो शुल्क भरून मोकळा होतो. हा पैसा ज्या त्या संस्थेत पडतो. सगळ्यांचं आश्रय शुल्क या गल्ल्यात आलं तर निदान सुरुवात होईल, कारण हा पैसा मुळात गरिबांच्या घरासाठीच घेतलेला आहे, कोणाच्या रस्त्याचा किंवा बगीच्याचा नाही. मग मिनेसोटासारखा वाढीतला एक वाटा. आणि रजिस्ट्रीच्या वेळी स्टॅम्प ड्यूटीत स्थानिक संस्थांसाठी जो भाग घेतात त्यातला थोडा.

आता वहीचं. मी हे सगळं लिहितोय आणि कपाटात वडिलांची एक प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात एका गृह निर्माण संस्थेच्या पावत्या आहेत, 1984 पासूनच्या. वडिलांनी पगारातून कापून भरले, मीटिंगला गेले, प्लॉटचा नंबरही मिळाला होता. प्लॉट मिळाला नाही, जमीन दुसऱ्याच कोणाला विकली गेली, ते गेले तेव्हा केस चालूच होती. इंदुरात हे नवीन नाही, आपल्या प्रत्येक नातेवाइकात एक अशी पिशवी आहे. आणि आता डायरीवरचे सौदे, ना रजिस्ट्री ना नकाशा, एका डायरीच्या पानावर सही आणि लाखो रुपये रोख. अशा गावात मी म्हणतोय की पाच संस्थांचा पैसा एकत्र करा, तर लोक हसणारच. म्हणून भिशीतल्या दोन वह्या. गल्ल्याचं पासबुक दर महिन्याला सगळ्यांना बघता आलं पाहिजे, किती आले, कोणाकडून राहिले, कुठल्या जमिनीला किती दिले, खोली कोणाला मिळाली. ज्या शहरानं कचऱ्याच्या गाडीची रोजची हजेरी ठेवून दाखवली त्याला एक पासबुक उघडं ठेवायला काय जड आहे.

लहान गावांची भीती वेगळी आहे आणि ती मला खरी वाटते. राऊवाले म्हणतील, इंदूर आपल्या बस्त्या आमच्या दारात आणून टाकणार आणि वर म्हणणार हा सामाईक गल्ला आहे. तसं होऊ शकतं, नक्की होईल जर अट घातली नाही तर. अट ही की गल्ल्याच्या पैशानं कुठलीही बस्ती हलवायची नाही, आणि दर वर्षी काही घरं इंदूरच्या आतच झाली पाहिजेत, विजय नगर, पलासिया, सपना-संगीता, जिथे मावशींना काम मिळतं तिथे. महाग पडेल. पडू दे. आणि मतं लोकसंख्येवर नकोत, नाहीतर एकटा इंदूर सगळ्यांना खाऊन टाकेल.

कायद्याची गुंतागुंत आहे, नाही असं नाही. निगम 1956 च्या कायद्याखाली, नगरपालिका 1961 च्या, पंचायती 1993 च्या, आणि महूची छावणी थेट संरक्षण मंत्रालयाकडे. चार भावंडं आणि चार आया. पण घटनेतच यावर उपाय सांगितलेला आहे. 74 व्या दुरुस्तीनं, जी 1993 मध्ये लागू झाली, दहा लाखांच्या वरच्या महानगर क्षेत्राला एक महानगर नियोजन समिती असावी असं म्हटलंय, आणि तिच्यातले निदान दोन-तृतीयांश सभासद तिथल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे. तीस वर्षं हे कागदावर पडून आहे. 2025 मध्ये मध्यप्रदेशात महानगर क्षेत्राचा कायदा आला, इंदूर, उज्जैन, देवास, धार एका नकाशात आले. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. पण कट्ट्यावर ज्या चर्चा होतात त्यात सगळं रिंग रोड, मेट्रो, लॉजिस्टिक पार्क, जमिनीचे भाव. त्या नकाशात खोली कुठे आहे हे कोणी विचारत नाही. प्राधिकरण वरून येतं, त्याला जमीन दिसते. खालच्या संस्थांनी आपला गल्ला आधीच करून ठेवला तर त्या टेबलावर बसायला काहीतरी हातात असेल.

घाई यासाठी की जमीन थांबत नाही. इंदूर-दाहोद रेल्वेची पायाभरणी 2008 ची, राऊहून टीहीपर्यंत रूळ आलेत, पुढे बोगदा आणि पीथमपूर. ज्या दिवशी पीथमपूरला लोकल उभी राहील त्या दिवशी स्टेशनच्या दोन किलोमीटरमध्ये गरिबाच्या नावानं चटईभर जागा मिळणार नाही. इंदूर-पीथमपूर इकॉनॉमिक कॉरिडॉरचं तेच, जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला 60 टक्के विकसित जमीन परत मिळणार आहे, चांगली गोष्ट आहे, शेतकऱ्याला मिळालंच पाहिजे. उरलेल्या 40 टक्क्यांत रस्ते येतील, बगीचे येतील, कंपन्या येतील. त्यातले पाच टक्के खोल्यांसाठी या गल्ल्याच्या नावावर आत्ताच लिहून घ्या, आज, सातबारा, आय मीन आपल्याकडचा खसरा, अजून शेताचाच आहे तोवर.

आपली मराठी मंडळी यात काय करू शकतात असं कोणी विचारेल. आपल्या आजोबा-पणजोबांना होळकरांनी नोकरी दिली म्हणून ते इथे आले, रामबागेतल्या वाड्यांत एका खोलीत आठ जण राहिले, मग हाउसिंग बोर्ड, आयडीए, सोसायट्या, त्यातून कितीतरी जणांची घरं झाली. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कोणाच्याही वडिलांनी बाजारभावानं घेतलं नव्हतं. आणि आता आपली पोरं पुण्यात हिंजवडीला पीजीत तिघं-तिघं राहतात तेव्हा फोनवर आपण म्हणतो, काय लुटतात रे हे लोक. गणपतीत स्टेजवर जे पार्षद, म्हणजे नगरसेवक, येतात हार घालून घ्यायला, त्यांना यंदा एक प्रश्न विचारा. तुमच्या वॉर्डातून मागच्या पाच वर्षांत आश्रय शुल्क किती जमा झालं आणि ते कुठे आहे?

मी मागच्या महिन्यात विचारलं एकाला. तो म्हणाला, काका, सांगतो बघून. पोहे चांगले होते त्या दिवशी, अजून सांगितलेलं नाहीये.